थोरलीचं मत

“मागच्या टायमाला मना खोडलं व्हतं,” रांगेतली एक बाई बाकीच्यांना सांगत होती, “आता मी पुरी हाय.”

मी खिडकीजवळच्या टेबलाशी मतदारयादी उघडून बसले होते. बोलणारी खिडकीतून दिसत नव्हती, पण आवाज मी ओळखला. आमच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये पालेगावहून भाजी घेऊन येणारी मावशी. मतदान सुरू व्हायला अजून अर्धा तास होता आणि ती सगळ्यांच्या पुढे उभी होती. त्या दिवशी डोक्यावर टोपली नव्हती, त्यामुळे मान कशी धरावी हे तिला सुचत नसावं. नंतर आत आली तेव्हा पाहिलं, मधूनमधून तिचा हात आपोआप डोक्याकडे जात होता.

ही गोष्ट सत्तावन्न सालच्या निवडणुकीची. अंबरनाथच्या एका शाळेत बायकांसाठी वेगळं मतदान केंद्र होतं आणि बायकांच्या केंद्रावर कामाला बाईच हवी असं वरून आलं होतं. लिहितावाचता येणाऱ्या आणि घरून परवानगी मिळणाऱ्या बायका आमच्या भागात तशा मोजक्याच. मी वर्षभरापूर्वी एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते, तेवढ्यावर माझ्या नावाचा हुकूम निघाला.

“हिला बोलावलंय?” आई म्हणाली. “ही दारावर आलेल्या कल्हईवाल्याला ‘नको’ म्हणता येत नाही म्हणून दोनदा भांडी देऊन बसली.”

“मतदान गुप्तच असतं,” बाबा म्हणाले. ते कारखान्यात अधिकारी होते आणि सरकारी हुकमाची थट्टा त्यांना फारशी चालत नसे, पण हे बोलताना त्यांनी पेपर तोंडासमोर धरला होता.

माझं काम ऐकायला सोपं होतं. मतदार बाई आत आली की तिच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहायचा, यादीत तिचं नाव शोधायचं आणि ते मोठ्याने वाचायचं. मोठ्याने अशासाठी, की समोरच्या बाकावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असतात, त्यांना नाव ऐकू गेलं पाहिजे आणि हरकत घ्यायची तर घेता आली पाहिजे. मी नन्सच्या शाळेत शिकले. तिथे मुलीचा आवाज शेजारच्या बाकापलीकडे जाऊ नये अशी शिस्त होती आणि त्या बाबतीत माझ्याबद्दल एकदाही तक्रार आली नव्हती.

केंद्राध्यक्ष म्हणजे कल्याणच्या कचेरीतले एक वयस्कर कारकून होते. नियमांच्या पुस्तकाला त्यांनी शाळकरी मुलासारखं तपकिरी कागदाचं कव्हर घातलं होतं आणि काही विचारलं की ते आधी कव्हरवरून हात फिरवीत. समोरच्या बाकावर दोघे प्रतिनिधी. एकाच्या उमेदवाराचं चिन्ह सायकल, दुसऱ्याच्या तराजू. पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. आपल्याला मिळालेला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायचा, झालं. ह्या दोघांची नावं मला तेव्हाही नीट कळली नव्हती. दिवसभर मी मनात त्यांना सायकलवाले आणि तराजूवाले म्हणत होते. दोघेही बाजारपेठेत ओळखीचे, एकमेकांच्या डब्यातलं खात होते आणि दर पाच मिनिटांनी एकमेकांवर तुटून पडत होते.

मावशीला मागच्या खेपेला खोडलं म्हणजे काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पहिल्या निवडणुकीच्या आधी याद्या करणारा माणूस पालेगावात गेला, तेव्हा मावशी शेतावर होती. घरी असती तरी फरक पडला नसता, कारण परक्या माणसाला बाईने आपलं नाव सांगायचं ही रीतच नव्हती. ओटीवर बसलेल्या सासऱ्याने सांगितलं, “लिवा, थोरल्याची बायको.” त्याने तसंच लिहिलं. पुढे वरून कळवलं गेलं, की ज्या बायकांनी स्वतःचं नाव दिलेलं नाही त्यांना यादीतून काढा. मग ‘थोरल्याची बायको’ ह्या शब्दांवर रेघ आली. पण धाकटी, म्हणजे मावशीची जाऊ, त्या दिवशी घरात होती. यादीवाल्याने विचारलं आणि तिने दाराआडून नाव सांगून टाकलं. नवीन लग्न झालेलं, तिला अजून रीतभात कळत नव्हती, असं मावशीचं मत.

बावन्न साली दोघी नवी लुगडी नेसून मतदानाला गेल्या. थोरली परत आली ती तशीच. धाकटीच्या बोटाला शाई.

ज्या घरात हळदीकुंकवाचं बोट आधी थोरलीला लागतं, शेतात पहिली मूठ थोरली टाकते, बारशाला पाळण्याचा पहिला झोका थोरलीचा, त्या घरात सरकारचं एवढं मोठं काम धाकटीने आधी केलं. आणि धाकटी ते विसरू देईना. भात सांडला, बोलणी बसली, की म्हणायची, “असू दे. मी सरकारला मत दिलंय.” पाच वर्षं. मावशी आमच्या मागच्या दारी वांगी निवडून देताना हे सांगायची आणि आई आत गेली की हळूच म्हणायची, “आता येऊ दे फिरून निवडनूक.”

दुसऱ्या खेपेला यादीवाला आला तेव्हा मावशी त्याच्या मागे तीन घरं फिरली. आपलं नाव लिहून होईपर्यंत तिने त्याला गाव सोडू दिलं नाही.

आठ वाजले. दार उघडल्याबरोबर केंद्राध्यक्षांनी जाहीर केलं की यादीचा पहिला भाग क्वार्टर्सचा आहे, तर आधी क्वार्टर्सच्या बायका. पहाटेपासून उभ्या असलेल्या पालेगावच्या बायकांनी कुरकुर केली. मावशीने केली नाही. “जाऊ दे त्यांना पुडं,” ती म्हणाली. “सगळं अंबरनाथ जाऊ दे. फकस्त ही माज्या मागं रायली पायजे.” ही म्हणजे धाकटी. ती खरोखरच तिच्या मागे उभी होती आणि आभाळाकडे बघत होती.

क्वार्टर्सच्या बायकांत सगळ्या सुशिक्षित, त्यामुळे काम भराभर होईल असं मला वाटलं होतं. ओळख पटवायला केंद्राध्यक्ष प्रत्येकीला नवऱ्याचं नाव विचारीत. पहिल्याच बाईंनी काळा चष्मा काढला आणि म्हणाल्या, “आमचे मिस्टर.”

“मिस्टर कोण?”

“अहो, मिस्टर. तुम्ही ओळखता त्यांना.”

दुसरीने हुद्दा सांगितला. तिसरीने घरी आलेलं एक पाकीट पर्समधून काढून पत्त्याची बाजू पुढे केली. चौथीने इंग्रजीतली नुसती आद्याक्षरं सांगितली आणि त्यात नाव घेतल्यासारखं होत नाही ना, म्हणून मागे वळून सासूकडे पाहिलं. ह्यांतल्या दोघी दर शनिवारी क्लबात पत्ते खेळायच्या. केंद्राध्यक्ष प्रत्येकीच्या वेळी कव्हरवरून हात फिरवीत होते.

मी नावं वाचत होते. म्हणजे ओठ हलवत होते. “काय?” सायकलवाले विचारीत. “कोण म्हणालात?” तराजूवाले विचारीत. मी परत वाचे. शेवटी सायकलवाल्यांनी आपला बाक हळूहळू इतका पुढे सरकवला की त्यांचे गुडघे माझ्या टेबलाला लागले, आणि तराजूवाल्यांनी नियमाप्रमाणे त्याला हरकत घेतली.

मधेच एक सिंधी आजी आल्या. उल्हासनगरच्या कॅम्पातून मुलाबरोबर आमच्या भागात राहायला आलेल्या. त्यांनी मला विचारायची वेळच येऊ दिली नाही. “लिखो,” म्हणाल्या आणि एका दमात स्वतःचं नाव, नवऱ्याचं, सासऱ्याचं, तिकडे राहिलेल्या गावाचं, कॅम्पातल्या बराकीच्या नंबरासकट सगळं सांगून टाकलं. लिहायचं काही नव्हतं, आधीच लिहिलेलं होतं. पण इतकी वर्षं इतक्या टेबलांपुढे त्यांना हे सांगावं लागलं होतं, की टेबल दिसलं की त्या सुरूच होत असाव्यात. केंद्राध्यक्षांनी तेवढ्या एका मतदाराला उभं राहून कागद दिला. आजींनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, “इसपे क्या मिलेगा?” सायकलवाले आणि तराजूवाले दोघेही एकदम तोंड उघडून परत मिटून बसले, कारण आत प्रचाराला बंदी होती.

दहाच्या सुमाराला पालेगावची पाळी आली.

मावशी आत आली आणि तिने मला पाहिलं. ओळख दाखवली नाही. सरकारी कामाला बसलेल्या माणसाला ओळख दाखवायची नसते हे तिला कोणी न सांगता कळलं होतं. चिठ्ठी पुढे केली. मी नंबर शोधला, नाव पाहिलं आणि त्यावर बोट ठेवून थांबले.

ते नाव मला माहीत होतं. पण पालेगावात ते कोणालाच माहीत नव्हतं.

मावशीचा भाऊ मुरबाडकडे एका खेड्यात राहायचा. महिन्या-दोन महिन्यांनी ती आमच्या मागच्या पायरीवर बसून मला कार्ड लिहायला सांगायची. गाय व्याली, सासऱ्याचा खोकला, तुझी पोरं कशी आहेत. शेवटी ‘तुझी बहीण’ असं लिहून मी थांबले, की ती इकडेतिकडे बघून, कुजबुजत, एक नाव सांगायची. माहेरचं. लग्नात सासरच्यांनी दुसरं ठेवलं होतं, तेही आता कोणी वापरत नव्हतं, सगळे थोरलीच म्हणत. “हे नाव हिकडं कोनाला सांगू नको हां, बाय,” ती दर वेळी म्हणायची. “त्यांनी टाकलेलं हाय. घरान आवडायचं नाय.”

यादीवाल्याला तिने हेच नाव दिलं होतं.

मी वाचलं. “काय?” सायकलवाले म्हणाले. मी परत वाचलं.

“हरकत!” तराजूवाले उभे राहिले. ते मूळचे पालेगावचेच. “ह्या नावाची बाई आमच्या गावात नाही. मी गावातलं घरन् घर ओळखतो.”

“बाई समोर उभी आहे की!” सायकलवाले म्हणाले.

“बाई आहे. नाव नाही.”

केंद्राध्यक्षांनी पुस्तक उघडलं. “बाई, नवऱ्याचं नाव सांगा.”

“नाव कसं घेऊ? मानसं बसल्यात.”

“नाव सांगू नका. खूण सांगा.”

मावशीने खिडकीबाहेर, शिवमंदिर होतं त्या दिशेला, अंगठ्याने दाखवलं.

“शंकर?” केंद्राध्यक्षांनी विचारलं.

“नाय,” दारापर्यंत आलेली रांग म्हणाली.

“महादेव?”

“नाय. पन तिकडंच हाय.”

“मी सांगतो,” तराजूवाले म्हणाले.

“तुम्ही खाली बसा. प्रतिनिधीने सांगायचं नाही. सदाशिव? भोलानाथ? विश्वनाथ?”

सहाव्या नावाला रांगेने एका आवाजात हुंकार भरला. मावशीने डोक्यावरचा पदर सारखा केला. केंद्राध्यक्षांनी कपाळ पुसलं आणि यादीशी ताडून पाहिलं. नवरा जमला होता. राहिली होती ती स्वतः.

“आणि तुमचं नाव?”

मावशीने मान खाली घातली आणि माहेरचं नाव सांगितलं. पायरीवर सांगायची तसंच, कुजबुजत. पण ह्या वेळी रांग कान देऊन होती. मागे कुठेतरी “कोन गो ती?” असं कोणीतरी विचारलं.

“हिचं नाव हे नाहीच,” तराजूवाले म्हणाले. “लग्नात काय ठेवलं होतं ते सांग ना!”

“ते त्यांनी ठेवलेलं,” मावशी म्हणाली. “यादीवाला म्हनला, तुमचं सोताचं नाव पायजे, नायतर खोडून टाकतील. मंग मी सोताचं सांगितलं.”

केंद्राध्यक्षांनी दोन पानं पुढे उलटली, एक मागे. मग म्हणाले की अशा वेळी ह्या बाईला ह्या नावाने ओळखणारं कोणी पुढे आलं पाहिजे. घरचं कोणी आहे?

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने दोन्ही हात जोडले. “खोटं कशी बोलू? सरकारचं काम हाय. मी हे नाव आजच आयकलं.” ती खरं तेच बोलत होती, आणि त्यात तिला आनंदही होत नव्हता असं मला वाटलं. निदान पहिल्या क्षणाला तरी.

“मग बाई, तुम्ही त्या बाकावर बसा,” केंद्राध्यक्ष म्हणाले. “चौकशी होईल तेव्हा बघू. पुढच्या कोण?”

पुढची धाकटीच होती.

मावशी बाकावर बसली. तो पहिलीच्या मुलांचा बाक होता, तिचे गुडघे छातीला टेकले. तिने केंद्राध्यक्षांकडे पाहिलं नाही, तराजूवाल्यांकडेही नाही. धाकटीच्या पावलांकडे पाहत राहिली. धाकटीने एक पाऊल टाकलं. दुसरं उचललं आणि तिथेच ठेवलं.

“या ना,” केंद्राध्यक्ष म्हणाले.

“थोरली बसलीये,” धाकटी म्हणाली.

“मग?”

“मंग मी कशी जाऊ? मागच्या टायमाला मना ठाव नव्हतं तिला खोडलंय म्हून. मी आपली गेले. भायेर आले तवा कळलं.” मग जरा थांबून म्हणाली, “नंतर बोलले, ती गोष्ट येगळी.”

“बरं, तुम्ही थांबा. त्यांच्या मागच्या या.”

मागची म्हणाली, ह्या दोघींच्या आधी मी गेले तर गावात तोंड कसं दाखवू. तिच्या मागचीचं ह्यांच्याकडे येणंजाणं होतं. तिच्या मागची सून होती आणि सासू अजून आली नव्हती. पाच मिनिटांत पालेगावची अख्खी रांग भिंतीला टेकून खाली बसली. एकीने सुपारी काढली.

सायकलवाले घाबरले. पालेगावची मतं त्यांचीच, असं त्यांनी सकाळपासून तीनदा सांगितलं होतं. तराजूवालेही घाबरले, कारण त्यांचंही तेच म्हणणं होतं. “हरकत मागे घेऊ का?” त्यांनी हळूच विचारलं.

“आता घेऊन काय उपयोग?” केंद्राध्यक्ष म्हणाले. “मी नोंद केली. आता ओळख पटल्याशिवाय मला कागद देता येणार नाही.”

मला माहीत होतं. त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटीच होते. पण मी कोणाला सांगणार नाही असं कबूल केलं होतं, अनेकदा, प्रत्येक कार्डाच्या शेवटी. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. खोलीत चाळीसेक माणसं होती.

मी यादीच्या कोऱ्या मागच्या पानाचा तुकडा फाडला, त्यावर इंग्रजीत लिहिलं की महाशय, मी ह्या मतदाराला ओळखते, आणि तुकडा टेबलावरून केंद्राध्यक्षांकडे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. मग नियमाप्रमाणे तो दोन्ही प्रतिनिधींना दाखवला. तराजूवाल्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि म्हणाले, “अक्षर चांगलं आहे.”

“बाई,” केंद्राध्यक्ष मला म्हणाले, “लेखी चालत नाही. ओळखणाऱ्याने समक्ष, तोंडी सांगायचं, दोन्ही प्रतिनिधींना ऐकू जाईल असं. आणि यादी फाडायची नाही.”

मी बसल्या बसल्या सांगितलं.

“मला काही ऐकू आलं नाही,” तराजूवाले म्हणाले.

“मला आलं,” सायकलवाले म्हणाले.

“काय आलं?”

सायकलवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं. “त्या काहीतरी म्हणाल्या,” ते म्हणाले.

रांगेतल्या बायका हसल्या. पुढचं नाव शोधत असल्यासारखी मी यादीवर वाकले, जरी पुढचं कोणी यायला तयार नव्हतं. त्याच वेळी बाकावरून मावशी बोलली. मोठ्याने नाही, पण कुजबुजतही नाही.

“सांग गो बाय. आता सांग.”

म्हणजे मी दिलेला शब्द तिने मला परत केला होता. आता लपायला काही उरलं नव्हतं. मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली, ती कोणी उचलली नाही. सगळी रांग सुपारी तोंडात धरून माझ्याकडे बघत होती. धाकटीही, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जणू मी बोलले नाही तर आजच्या दिवसाचा बोल तिच्यावर येणार होता. आधी मी मावशीचं नाव घेतलं, माहेरचं, पूर्ण, बापाच्या नावासकट. माझा आवाज मला ओळखू आला नाही. बाहेर मैदानात उमेदवारांच्या माणसांचा गलबला चालला होता, तो थांबला. केंद्राध्यक्षांचा हात कव्हरवर होता तिथेच राहिला.

एवढ्यावर थांबायला हरकत नव्हती, नियमाला तेवढंच हवं होतं. पण आवाज एकदा निघाला होता आणि तो परत आत कसा घ्यायचा हे मला माहीत नव्हतं.

“त्यांची भावाला जाणारी पत्रं मी लिहिते, हे नाव त्यांचंच आहे,” मी म्हणाले. “आणि त्या थोरल्या आहेत, त्यांना आधी कागद द्या!”